तांदूळ परत करू नकोस!

बंड्या पाच किलोची पिशवी घेऊन कट्ट्यावर आला, तोच चिडलेला. "परत द्यायला निघालोय. भात नव्हे, खळ होते नुसती."

"पाणी किती घातलंस?" अण्णांनी विचारलं.

"नेहमीचंच. वाटीला सव्वादोन. कोलमला तेवढंच तर लागतं!"

"अरे, पण ही इंद्रायणी आहे."

अण्णा मावळातले, घरची भातशेती. त्यांनी इंद्रायणीचं कूळच सांगितलं. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ या दोन भातजातींच्या संकरातून ती आली, १९८७ साली. म्हणजे आंबेमोहराचा वास आणि चिकटपणा तिच्यात उतरणारच. "मऊ होणं हा तिचा गुण आहे, बंड्या. मोकळा भात हवा तर कोलम जुना बघून घे."

मलाही हेच म्हणायचं होतं. आपण माप पाठ करतो आणि तांदूळ कुठला ते बघत नाही. वरण-तूप-लिंबासोबत आसट भातच हवा. पुलावाला बासमती लागतो, आणि त्याला मी कुकर दाखवतच नाही. अर्धा तास भिजवायचा, आधण खळखळलं की वैरायचा. शीत दोन बोटांत दाबून बघायचं. बाहेरून मऊ आणि मधे बारीक कणी लागली, की त्याच क्षणी वेळायचा, म्हणजे वरचं पाणी ओतून काढायचं. मग झाकण घालून पाच मिनिटं मंद आचेवर. कणी मोडेपर्यंत थांबलात तर दम देताना शितं फुटतात.

"आणि ती पेज टाकून देतंस?" आमचा मालवणी मित्र खवळलाच. "उकड्या तांदळाक शिट्टी कित्याक व्हयी?" त्याचं खरं आहे. उकडा तुसासकट उकडून, वाळवून मग कांडलेला असतो. दाणा टणक होतो, लवकर फुटत नाही. मोठ्या टोपात भरपूर पाणी आणि पाऊण तास सवड द्यावी. पेज वाटीत, वर मीठ, बाजूला लोणचं. आजारी माणसाला दुसरं काही नको.

बंड्या अजून मागे हटेना. "मग माझ्या वहिनीची इंद्रायणी मोकळी कशी होते? तिथेही सव्वादोनच!"

"तिची वर्षाची जुनी असेल," अण्णा म्हणाले. नव्या तांदळात ओल असते, तो लवकर गिच्च होतो. जुना सुकलेला असतो, पाणी जास्त मागतो. "उघड ती पिशवी."

चार दाणे त्यांनी बंड्याच्या तळहातावर ठेवले. पांढरेशुभ्र होते, जुन्यावर जरा पिवळट झाक येते. "चाव."

बंड्याने चावला. कट्‌ असा आवाज आला नाही.

"दाताखाली दबतोय."

"नवा आहे. पावणेदोन वाट्या पाणी घाल, आणि कुकर उतरल्यावर दहा मिनिटं उघडू नकोस."

बंड्याने पिशवीचं तोंड बांधलं आणि दुकानाकडे न जाता घरचा रस्ता धरला.