खुलासा: हलवता आलं म्हणजे हाड मोडलेलं नाही, हा समज चुकीचा

'खेळताना पडलात आणि दुखरा भाग हलवता आला, तर फ्रॅक्चर नाही, नुसतं मुरगळलंय' असा संदेश सध्या फिरतोय. त्यावर विसंबू नका.

हालचाल घडवतात ते स्नायू आणि त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा. त्या शाबूत असतील तर हाडाला तडा गेल्यावरही सांधा हलतो. गुडघ्याखालच्या दोन हाडांपैकी बाहेरचं बारीक हाड शरीराचा फारच थोडा भार पेलतं. ते मोडूनही माणूस लंगडत का होईना, चालतो. मनगटात अंगठ्याच्या मुळाशी असलेलं स्कॅफॉइड त्याहून फसवं. सूज जेमतेम, मूठ वळते, पहिल्या एक्स-रेतही कधी कधी तडा दिसत नाही. त्याचा रक्तपुरवठा मुळातच तोकडा, त्यामुळे दुर्लक्ष झालं तर हाड जुळतच नाही असंही होतं.

टाचेमागची अकिलीस कंडरा पूर्ण तुटली तरी पाऊल थोडं खाली दाबता येतं, कारण इतर स्नायू मदतीला असतात. 'हलतंय ना!' म्हणत आठवडे जातात ते असे.

घोटा दुखावला असेल तर डॉक्टर वेगळंच बघतात: दोन्ही बाजूंच्या हाडांच्या खालच्या ६ सेंमी भागात, मागच्या कडेवर दाबल्यावर दुखतं का? दुखापतीनंतर लगेच आणि तपासताना ४ पावलं टाकता येतात का? दुखत असेल किंवा पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे.

आणि 'नुसतं' मुरगळणं म्हणजे हाडाला हाड जोडणारा अस्थिबंध (लिगामेंट) ताणला किंवा फाटलेला असतो, बरं का.