हाक मारून मारू नका

आज सकाळी पावसाने जरा उघडीप दिली म्हणून मी खळ्यात, म्हणजे दारापुढच्या अंगणात आले, आणि जे पाहिले त्यामुळे दिवसभर डोके तापलेले आहे. शेजारच्या घरी महिन्याभरापूर्वी लॅब्रॅडोरचे पिल्लू आणले आहे. त्याने पडवीतल्या कोल्हापुरी चपलेचा अंगठा कुरतडला होता. शेजारच्या मुलाने (त्याला मी लहानपणी कडेवर खेळवले आहे, म्हणून नाव लिहीत नाही) ती चप्पल पाठीमागे लपवली आणि अगदी गोड आवाजात पिल्लाला हाक मारली. पिल्लू माडाच्या आळ्यात काहीतरी हुंगत होते. हाक ऐकताच ते कान उडवत, चिखलात घसरत, शेपटीसकट अर्धे अंग हलवत धावत आले, आणि त्याला त्याच चपलेचे दोन सणसणीत फटके बसले.

मी गडग्यापाशी, म्हणजे मधल्या दगडी कुंपणापाशी जाऊन बोलल्याशिवाय राहिले नाही. त्यावर उत्तर मिळाले, "काकी, तुमी लय लाड करतास. मारल्याबिगर जनावर शिकणा नाय."

शिकते ना! मारल्याने जनावर नक्कीच शिकते, फक्त आपल्याला वाटते ते शिकत नाही. चप्पल कुरतडून अर्धा तास झाला होता. पिल्लाच्या डोक्यात फटक्याची गाठ त्या क्षणी जे चालले आहे त्याच्याशी बसते, आणि त्या क्षणी ते बिचारे काय करत होते, तर हाकेला ओ देत होते. आज सकाळी ते एवढेच शिकले की या माणसाने बोलावले की जायचे नसते. आपल्या भाषेत हाकही मारायचीच असते हे खरे, पण ती इतकी शब्दशः मारायची नसते.

हे मला कोणा प्रशिक्षकाने शिकवलेले नाही. आमच्या वाघ्याने शिकवले.

माझे माहेर कणकवलीजवळ, महामार्गाला लागून. वाघ्या गावठी, तांबूस रंगाचा, एक कान कायम पडलेला. १९८६ च्या सुमारास मी बारा-तेरा वर्षांची होते आणि तो फक्त माझ्या हाकेला यायचा. तो वाड्यातून पळून शेजाऱ्यांच्या कोंबड्यांमागे लागला की अण्णा मला सांगायचे, "बोलव त्याला." मी बोलवायचे. तो यायचा, आणि अण्णा त्याला हिरांच्या (माडाच्या झावळीच्या काड्यांच्या) मुठीने झोडपायचे. अण्णा वाईट नव्हते. आपल्या ताटातली भाकरी त्याला घालणारेही तेच होते. पण मारायचे ते, आणि हाक माझी असायची. वाघ्याला तो हिशेब कळायला फार दिवस लागले नाहीत. आधी तो चार हातांवर येऊन थांबू लागला, मग दहा हातांवर, आणि नंतर माझा आवाज आला की तो मान खाली घालून आडवाटेने निघून जायचा. आम्ही म्हणत असू, कुत्रा माजला.

तर मित्रहो, तुम्हा सगळ्यांच्या घरी कुत्री-मांजरी आहेत आणि मुक्या जिवावर हात उगारू नये हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पण आपल्यातलेही कितीजण "त्याला चूक कळते, बघ कसे तोंड पाडून बसले आहे" असे म्हणतात! ते तोंड चुकीमुळे पडलेले नसते. तुमचा चढलेला आवाज आणि ताठलेले खांदे पाहून ते पडलेले असते. काहीही न केलेल्या पिल्लासमोर तशाच आवेशात उभे राहून पाहा, तेही कान पाडून जमिनीला चिकटेल.

शिवाय हे पिल्लू पस्तीस दिवसांचे असताना आणले गेले. घाटावरून, पिशवीत घालून. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकू नये असा नियम २०१७ पासून आहे, पण विकणाऱ्याने विचारले नाही आणि घेणाऱ्याने पाहिले नाही. आई आणि भावंडांत राहून पिल्लू एक मोठा धडा घेते, तो म्हणजे किती जोरात चावले की समोरचा कळवळतो आणि खेळ थांबतो. तो धडा अर्धवट टाकून आणलेले पिल्लू तुमच्या हातालाच भावंड समजणार, यात त्याचा काय दोष? मान्य आहे, ते अठ्ठावीस दुधाचे दात सुईसारखे असतात आणि मनगटात रुतले की संतमाणसाच्याही तोंडून शिवी निघेल. तरीही चावले की हात सोडवून घ्यायचा, उठून पाठ फिरवायची आणि खेळ बंद करायचा, आणि हे घरातल्या प्रत्येकाने, आजीपासून नातवापर्यंत, दर वेळी करायचे. जुन्या टॉवेलला गाठ मारून, भिजवून, फ्रीजमध्ये गार करून दिला तर ते त्यावर तासभर खूष असते. आणि चपला उचलून फळीवर ठेवायच्या. चप्पल खाली ठेवणारा माणूस आणि मार खाणारे पिल्लू, हा कुठला न्याय?

आमच्या घरीही सगळे शहाणेच आहेत असे नाही. आमची कुत्री तांबू गेल्या वर्षी ऐन जुलैमध्ये आली. बाहेर आठ-आठ दिवस धार लागलेली, दोन महिन्यांचा जीव त्या पावसात शूला जाणार कसा? म्हणून मी पडवीच्या कोपऱ्यात गोणपाट टाकला आणि झोपून उठली की, खाल्ले की, खेळून झाले की तिला उचलून त्यावर नेऊ लागले. पाच दिवसांत ती शिकली आणि मी गावभर मिरवले. सहाव्या दिवसापासून ती न चुकता दारातल्या पायपुसण्यावर बसू लागली. आमचे हे संतापले. मग माझ्या लक्षात आले की पायपुसणेही मी त्याच गोणपाटाचे शिवले होते. पिल्लू जागेपेक्षा पायाखालचा स्पर्श जास्त लक्षात ठेवते. ती माझे सांगणे तंतोतंत पाळत होती, आणि तरीही तिला मार बसता बसता राहिला. पायपुसणे बदलले, प्रश्न संपला.

वाघ्याच्या वेळी असा विचार करायला घरात कोणाला सवड नव्हती. मला होती, पण मी लहान होते, आणि हाक मारायला सांगितले की मारत होते.

हाकेचे शिक्षण खरे तर फार सोपे आहे, आणि ते सोपे आहे म्हणूनच कोणी मनावर घेत नाही. नाव एकदाच घ्यायचे, दहादा ओरडायचे नाही. पिल्लू आले की त्याच क्षणी, दोन सेकंदांच्या आत, हरभऱ्याएवढा उकडलेल्या चिकनचा किंवा काटे काढलेल्या बिनमिठाच्या बांगड्याचा तुकडा द्यायचा आणि पुन्हा खेळायला सोडायचे. दिवसातून दहा वेळा तरी असे विनाकारण बोलवायचे. आंघोळ घालायची असेल, गोचीड काढायचे असतील, औषध पाजायचे असेल, तेव्हा हाक मारायचीच नाही. स्वतः उठून जायचे आणि उचलून आणायचे. ते येत नसेल तर मागे धावायचे नाही, खाली बसायचे, तोंड जरा दुसरीकडे करायचे आणि वाट पाहायची. एवढेच आहे. यासाठी काठी लागत नाही आणि साखळीही लागत नाही. कुत्र्याला दिवसच्या दिवस आखूड साखळीला बांधून ठेवणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात क्रूरताच ठरते, हे आपल्या वाडीत कोणाच्या गावीही नाही.

काहीजण म्हणतील, लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लाला बाहेर नेऊ नये, मग ते शिकणार कधी? पार्व्होची, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या आजाराची भीती खोटी नाही, आणि पावसाळ्यात आपल्याकडे साचलेल्या पाण्यातून पसरणारा लेप्टोही असतो, हे मान्य. पण तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंत पिल्लू जे न घाबरता पाहते त्याला ते पुढे सहसा घाबरत नाही, आणि ते दिवस परत येत नाहीत. मी तांबूला कडेवर घेऊन एसटी स्टँड दाखवला, मासळी बाजार दाखवला, आरतीच्या झांजा दुरून ऐकवल्या. लोक हसले. हसू देत. यंदा शिमग्याचे ढोल दारात वाजले तेव्हा ती पडवीत झोपलेली होती.

वाघ्याचे पुढचे सांगायचे टाळत होते, पण आता लिहितेच. एका संध्याकाळी तो महामार्गाच्या पलीकडे होता. तेव्हाचा १७ क्रमांकाचा, आताचा ६६. मी अलीकडून पाहिले, ट्रक येत होता, आणि मी जीव खाऊन हाक मारली. त्याने ऐकले. एकदा, फक्त सवयीने, तो माझ्याकडे यायला निघाला, आणि मध्यावर त्याला आठवले. तो रस्त्यात थांबला, चार हातांवर थांबायचा तसा. अण्णा त्या रात्री जेवले नाहीत. वाड्यातल्या आंब्याखाली खड्डा त्यांनी स्वतः खणला आणि मला जवळ येऊ दिले नाही.

सकाळी मी शेजारच्या मुलाला नको तितके तोडून बोलले. त्याचा जीव आहे त्या पिल्लावर. रात्री ते रडते म्हणून तो खाली जमिनीवर, त्याच्याशेजारी झोपतो, हे त्याच्या आईनेच मला सांगितले. अण्णांचाही होताच.

आता सात वाजत आले आहेत, पुन्हा भुरभुर सुरू झाली आहे. शेजारून हाका ऐकू येत आहेत, चौथी, पाचवी. पिल्लू त्यांच्या तुळशीमागे बसले आहे, मला इथून त्याचे नाक दिसते. मी गडग्यावरून एवढेच म्हटले, "बाबू, हाका मारू नको. खाली बस." तो भिजत बसला आहे. मी घरातून बांगड्याचा तुकडा घेऊन जाते आहे, बाकी नंतर लिहीन.