राणीची बाग झाडांसाठीही परवडू द्या

भायखळ्याच्या राणीच्या बागेचा, म्हणजे आजच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाचा, विषय निघाला की हल्ली बोलणे पेंग्विनपासून सुरू होते आणि वाघाच्या पिंजऱ्यापाशी संपते. वास्तविक 1862 मध्ये खुली झालेली ही बाग मुळात वनस्पतींची. प्राणी तिथे पुढे आले. म्यानमारची उर्वशी, आफ्रिकेतली अवाढव्य बुंध्याची गोरखचिंच, खोडालाच फुले धरणारा कैलासपती अशी दूरदेशीची झाडे या शहरात एका जागी, तीही पूर्ण वाढलेली, क्वचितच पाहायला मिळतात. लालबाग-परळच्या चाळींत एकेका खोलीत राहणाऱ्या गिरणी कामगारांच्या कुटुंबांना रविवारी डबा घेऊन पाय पसरून बसण्याजोगी सावली याच झाडांनी दिली, आणि माझ्या मते बागेची खरी करमणूक तीच आहे.

आवारातील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 चे. त्याच्या बाहेरचा दगडी हत्ती घारापुरीचा. इंग्रजांनी तो विलायतेस नेण्याचा घाट घातला, उचलताना त्याचे तुकडे झाले, ते 1864 मध्ये इथे आणले गेले आणि पुढे 1914 मध्ये सांधले गेले. फोर्टमधल्या चौकाला ज्याचे नाव मिळाले, तो ‘काळा घोडा’ नावाचा पुतळाही 1965 पासून इथेच मुक्कामाला आहे. (चौकाचे नाव तिकडे, घोडा इकडे!)

2017 मध्ये पेंग्विनचे दालन खुले झाले आणि त्याच वर्षी मोठ्यांचे प्रवेशशुल्क पाच रुपयांवरून पन्नास रुपये झाले. आईवडील आणि दोन मुले अशा कुटुंबाला शंभर रुपयांत प्रवेश ठेवला, हे मान्य; पण काका-मावशी सोबत निघाले की हिशेब बदलतो. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरच्या पक्ष्यांना मुंबईत गारवा पुरवायचा तर खर्च येणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र तासभर झाडाखाली टेकू पाहणाऱ्या माणसाने तो का भरावा, हे मला पटत नाही. शुल्क कमी केल्यास गर्दी आणि कचरा वाढेल, असे यावर म्हटले जाते. कचऱ्याचा बंदोबस्त माणसे नेमून आणि दंड आकारून करावा. गरिबाला दारातच अडवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. पेंग्विनचे दालन बंदिस्त आहे, त्याला स्वतःचे दार आहे. पन्नासाचे तिकीट त्या दारावर फाडावे, आणि बागेच्या फाटकावर पूर्वीचे पाच रुपयेच घ्यावेत.