स्मिता आपलीच, पण मेसेज चुकीचा

दर १३ डिसेंबरला, स्मिता पाटीलच्या स्मृतिदिनी, आमच्या धुळे-जळगावच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. वर ‘आपली शिरपूरनी पोर’, खाली जोडलेले हात. मजकूर असा: ती शिरपूर तालुक्यातल्या खेड्यात जन्मली, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अभिनय शिकली, वडील मंत्री म्हणून सिनेमात शिरली आणि ‘नमक हलाल’ या मसालापटानंतर समांतर सिनेमाला तिने रामराम ठोकला. चार वाक्यं, धड एकही नाही.

जन्म पुण्याचा, १७ ऑक्टोबर १९५५. शिरपूर वडिलांचं, म्हणजे शिवाजीराव गिरधर पाटलांचं. तेवढं नातं आपल्याला पुरे आहे की!

इन्स्टिट्यूटची थाप सगळ्यात चिवट. ती तिथली विद्यार्थिनी कधीच नव्हती. तिथे शिकणाऱ्या अरुण खोपकरांच्या ‘तीव्र मध्यम’ या डिप्लोमा फिल्ममध्ये तिने काम केलं, त्याचं लोकांनी ‘शिकली’ करून टाकलं. मळ्यात भरीत खाऊन गेलेल्या पाहुण्याचं नाव सातबाऱ्यावर चढवण्यातला हा प्रकार.

आता मंत्र्याची मुलगी. वडील मंत्री होते, खरं आहे. पण ती दिग्दर्शक श्याम बेनेगलांच्या नजरेत भरली ती मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचताना. (जीन्सवरच साडी गुंडाळून ती कॅमेऱ्यासमोर बसायची, हा किस्सा तुम्हीही ऐकला असेल.) मग ‘चरणदास चोर’, ‘निशांत’, ‘मंथन’. वशिल्यानं आलेली पोरगी आधी नटूनथटून नाचायचं काम मागते. हिच्या वाट्याला आली ‘मंथन’मधली दलित वस्तीतली बिंदू, ‘चक्र’मधली झोपडपट्टीतली अम्मा, आणि सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी केलेल्या ‘सद्गती’त दुखीची बायको. ‘भूमिका’ आणि ‘चक्र’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, तेही वडिलांनी आणून दिले म्हणायचं का? घरानं तिला काही दिलं असेल तर ते राष्ट्र सेवा दल या समाजवादी संघटनेचं वातावरण. आई-वडील दोघंही त्या चळवळीतले, आणि ती स्वतः लहानपणी सेवा दलाच्या कलापथकात होती. मेसेजमध्ये याचा उल्लेख नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. खानदेशाला तिच्यात आपलं काही शोधायचंच असेल, तर ते इथे आहे.

राहिला ‘नमक हलाल’. तो १९८२चा. त्याच वर्षी जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ आला. घर सोडून महिलाश्रम सांभाळायला निघालेली सुलभा महाजन तिनेच केली. ‘अर्थ’ आणि ‘बाजार’ही त्याच वर्षीचे. पुढच्या वर्षी ‘अर्धसत्य’ आणि ‘मंडी’. १९८५ साली पद्मश्री. आणि केतन मेहतांच्या ‘मिर्च मसाला’त सुभेदाराला थोबाडीत देऊन मिरचीच्या कारखान्यात पळणारी सोनबाई लोकांनी पाहिली, तेव्हा एकतिसाव्या वर्षी गेलेली स्मिता ती पाहायला उरली नव्हती.