ॲलोसॉरस विदर्भातला नाही, अन् टी-रेक्सचा पूर्वजही नाही

आपल्या नागपूरच्या ग्रुपांवर सध्या एक पोस्ट जोरात फिरून राहिली आहे. म्हणे ॲलोसॉरस नावाचा मांसाहारी डायनासोर हा टी-रेक्सचा पूर्वज, तो कळपाने शिकार करायचा, एका चाव्यात हाडाचा चुरा करायचा अन् आपल्या विदर्भातच फिरायचा. फोटो भारी आहे, पण यातली एकही गोष्ट टिकत नाही, अन् शाळेतली पोरं हेच उचलून प्रोजेक्टमध्ये लिहितात म्हणून बोलणं भाग आहे.

पूर्वजाचं आधी. ॲलोसॉरस साधारण १५.५ ते १४.५ कोटी वर्षांपूर्वीचा, ज्युरासिकच्या शेवटचा. टी-रेक्स ६.८ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे काळाच्या हिशेबाने टी-रेक्स ॲलोसॉरसच्या जितका जवळ, त्यापेक्षा आपल्या जास्त जवळ. अन् खरी गंमत पुढे आहे, अमेरिकेत युटामध्ये क्लीव्हलँड-लॉइड नावाची खाण आहे, तिथे ॲलोसॉरसच्या हाडांसोबतच स्टोकसोसॉरस नावाच्या लहानशा डायनासोरची हाडं निघाली, अन् तो टी-रेक्सच्या खानदानातला! म्हणजे टी-रेक्सचं खानदान ॲलोसॉरसच्या काळातच वेगळं झालेलं होतं, मग ॲलोसॉरस त्याचा पूर्वज कसा होईल?

कळपाची गोष्टही याच खाणीवरून उचललेली दिसते, कारण तिथे कमीत कमी ४६ ॲलोसॉरस सापडलेत. पण एका जागी मेले म्हणजे सोबत शिकार करायचे असं होत नाही ना भाऊ. चिखलात फसले, दुष्काळात आटत्या पाण्याजवळ मेले, पाणीच विषारी झालं, असे बरेच अंदाज आहेत अन् वाद अजून मिटलेला नाही.

आता चावा. २००१ मध्ये ॲलोसॉरसच्या कवटीचं कॉम्प्युटर मॉडेल करून ताण तपासला, तर कवटी जबरदस्त मजबूत निघाली पण जबड्याच्या स्नायूंचा जोर त्या मानाने फारच कमी. दात बघा, चपटे, मागे वळलेले, कडेला करवतीसारखे बारीक दाते. हे मांस कापायचं, ओरबाडून काढायचं हत्यार आहे, हाडं फोडणं हे टी-रेक्सच्या जाडजूड दातांचं काम. म्हणून ॲलोसॉरस कमजोर होता असं मात्र कोणी समजू नये, साडेआठ मीटरचा प्राणी मानेच्या झटक्याने मांसाचा लचका तोडत असेल तर समोरच्याचं काय होत असेल!

राहिला विदर्भ. ॲलोसॉरसची हाडं अमेरिकेत अन् पोर्तुगालमध्ये मिळाली, भारतात त्याचं एकही पक्कं हाड नाही. ज्युरासिकचे थर आपल्याकडे आहेत, गडचिरोलीत सिरोंचाजवळ कोटा गावच्या नावाने ते ओळखले जातात, पण ते ॲलोसॉरसच्या बरेच आधीचे. अन् वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला जे डायनासोर मिळतात ते ज्युरासिकनंतरच्या क्रेटेशियस काळाच्या शेवटचे, लमेटा नावाच्या खडकाच्या थरातले. तिथल्या विष्ठेच्या जीवाश्मांत गवताचे सूक्ष्म कण सापडल्याचं २००५ मध्ये छापून आलं, तोवर डायनासोरच्या काळात गवत होतं यावर फार कोणाचा विश्वास नव्हता. विदर्भाचा डायनासोर सांगायचाच असेल तर हे टाका ना ग्रुपवर.