फुटबॉल वाचवायचा असेल तर आधी तारखा बळकवा

फुटबॉल वाचवायचा तुमचा निर्णय झाला असेल तर अभिनंदन. हा धंदा सध्या तेजीत आहे. झुरिकमध्ये बसून फिफा हा जागतिक महासंघ फुटबॉल वाचवतो, न्योंमध्ये बसून युएफा हा युरोपचा महासंघ वाचवतो, लंडनला इंग्लंडची प्रीमियर लीग वाचवते आणि माद्रिदला स्पेनची ला लिगा. इतके लोक एकाच वेळी वाचवायला लागल्यावर खेळ अजून जिवंत कसा, असा प्रश्न तुम्हाला पडेल. तो मनातच ठेवा. तारणहारांनी असले प्रश्न विचारायचे नसतात.

सगळ्यात आधी आपण कोणाच्या बाजूचे ते ठरवून घ्या. एका बाजूला नियमवाले आहेत, दुसऱ्या बाजूला पैसेवाले. नियमवाल्यांना पैसा हवा असतो आणि पैसेवाल्यांना नियम. एवढं कळलं की या भांडणातलं निम्मं शिक्षण पूर्ण झालं.

नियमवाले व्हायचं ठरलं तर फिफाचं गणित शिकून घ्या. फिफाचे 211 सदस्य आणि प्रत्येकाला एक मत. ज्या बेटाची सगळी लोकसंख्या एका स्टेडियममध्ये मावते त्याचं मत आणि जर्मनीचं मत यांचं वजन सारखंच. लोकशाहीत याहून सुंदर काय असणार! मतं टिकवायची तर सदस्यांना विकासनिधी द्यावा लागतो, निधी विश्वचषकातून येतो, म्हणून विश्वचषक फुगवावा लागतो. 2022 मध्ये 32 संघ आणि 64 सामने होते, 2026 साठी 48 संघ आणि 104 सामने ठरले. याला लोभ म्हणायचं नाही. याला खेळाचा जागतिक प्रसार म्हणतात.

पैसेवाले व्हायचं असेल तर प्रीमियर लीगकडे पाहा. वीस क्लब, चौदा मतं पडली की ठराव पास. 2025 पासूनच्या चार वर्षांसाठी नुसते ब्रिटनमधले प्रक्षेपण हक्क 6.7 अब्ज पौंडांना गेले. एवढा पैसा हातात आला की माणसाला तत्त्वं सुचू लागतात.

आता मुद्द्याचं. दोघांचं भांडण परंपरेवरून, मूल्यांवरून किंवा चाहत्यांवरून चाललंय असं वाटलं तर तुम्ही अजून नवखे आहात. भांडण तारखांचं आहे. खेळाडूचे पाय दोनच आणि वर्षाचे दिवस 365. वाढवता येण्यासारखं त्यात काही नाही, म्हणून ओढाताण. फिफाच्या कॅलेंडरमध्ये जे दिवस राष्ट्रीय संघांसाठी राखलेले असतात, त्या दिवशी क्लबला खेळाडू सोडावाच लागतो. पगार क्लबचा, गुडघे खेळाडूचे, तारीख फिफाची. म्हणून चषक-बिषक नंतर, आधी कॅलेंडर बळकवा.

ते कसं करायचं याचा उत्तम नमुना म्हणजे अमेरिकेत झालेला फिफाचा 2025 चा क्लब विश्वचषक. युरोपातले हंगाम संपतात आणि खेळाडू चार दिवस घरी जातात, नेमकी तीच मोकळी जागा हेरायची. त्यात 32 क्लब, एक महिना आणि एक अब्ज डॉलरची बक्षिसं घालायची. लीगना विचारायचं? छे. विचारलं तर त्या नाही म्हणतील, आणि नाही म्हटल्यावर आपण घ्यायचं म्हणजे दादागिरी दिसते. न विचारता घेतलं की तो दूरदृष्टीचा निर्णय ठरतो. चषकावर नाव कोणाचं कोरायचं याची चिंता नको, तुमचंच कोरा. फिफाचे अध्यक्ष जानी इन्फान्तिनो यांचं त्यावर आहेच. अंतिम सामना जिंकला चेल्सीने, पॅरिस सेंट जर्मेनला 3-0 ने हरवून. पण चषक उंचावताना मंचावर खेळाडूंच्या मधोमध डोनाल्ड ट्रम्प उभे होते, आणि हे इथे काय करताहेत असा भाव खेळाडूंच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

उन्हाची तक्रार होईल. होऊ द्या. सिनसिनाटीत जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबच्या राखीव खेळाडूंनी पहिला अर्धा खेळ बाकावर बसून नव्हे, ड्रेसिंग रूममध्ये टीव्हीवर पाहिला. बाहेर सावलीला जागाच नव्हती. टीव्हीवाल्यांना आणखी काय हवं? प्रेक्षकसंख्येत खुद्द संघाचीच भर पडली. त्याच स्पर्धेत न्यूझीलंडचा ऑकलंड सिटी हा हौशी खेळाडूंचा संघ नोकऱ्यांतून रजा काढून आला होता. जर्मनीच्या बायर्नने त्यांना दहा गोल मारले. पुढे त्यांनी अर्जेंटिनाच्या बोका ज्युनियर्सशी 1-1 बरोबरी साधली आणि गोल केला शिक्षकी पेशाचं शिक्षण घेणाऱ्या एका बचावपटूने. या स्पर्धेतलं मला सगळ्यात आवडलेलं हेच. पण हे कोणाच्याही योजनेत नव्हतं, तेव्हा तुमच्या सादरीकरणात घालू नका.

लीगवाले गप्प बसणार नाहीत. ऑक्टोबर 2024 मध्ये युरोपातल्या लीगची संघटना, ला लिगा आणि खेळाडूंच्या फिफप्रो संघटनेची युरोप शाखा असे सगळे मिळून युरोपियन कमिशनकडे गेले. फिफा स्वतःच नियम करते आणि स्वतःच स्पर्धा विकते, हे चालायचं नाही, अशी तक्रार. फिफाचं म्हणणं असं की काही लीग ढोंगी आहेत. यांना कॅलेंडरमध्ये जागा हवी ती उन्हाळ्यात जगभर फिरून मैत्रीपूर्ण सामने विकायला. गंमत म्हणजे दोघेही एकमेकांबद्दल अगदी खरं बोलतात. स्वतःबद्दल बोलायला लागले की घोटाळा होतो. फिफाने कॅलेंडर गच्च भरलं म्हणून युएफाचाही संताप होतो, आणि त्याच युएफाने 2024-25 पासून चॅम्पियन्स लीगचे सामने 125 वरून 189 वर नेले. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आपली स्पर्धा म्हणजे परंपरा, दुसऱ्याची म्हणजे अतिक्रमण. हे वाक्य पाठ करा, प्रत्येक पत्रकार परिषदेत उपयोगी पडेल.

मधूनमधून खेळाडूच तोंड उघडतात. सप्टेंबर 2024 मध्ये मँचेस्टर सिटीचा रोद्री म्हणाला की सामने इतके वाढलेत की खेळाडू संपाच्या उंबरठ्यावर आहेत. त्याच आठवड्यात आर्सेनलविरुद्ध त्याचा गुडघा गेला आणि जवळजवळ सगळा हंगाम वाया गेला. अशा वेळी समिती नेमा, बैठक बोलवा. फिफाने जुलै 2025 मध्ये न्यूयॉर्कला खेळाडूंच्या विश्रांतीवर बैठक घेतली आणि दोन सामन्यांत किमान 72 तासांचं अंतर हवं, यावर एकमत झाल्याचं जाहीर केलं. जगातली सगळ्यात मोठी खेळाडू संघटना फिफप्रो, तिला निमंत्रणच नव्हतं. एकमत असं पटकन होतं.

आता फुटून निघण्याची कला. हा भाग नीट वाचा, परीक्षेला हमखास येतो. इंग्लंडमधले बडे क्लब टीव्हीचा पैसा खालच्या डिव्हिजनांशी वाटून घ्यायला कंटाळले आणि 1992 मध्ये फुटबॉल लीगमधून बाहेर पडून त्यांनी प्रीमियर लीग काढली. त्यांना आशीर्वाद कोणाचा? नियमवाल्यांचा, म्हणजे फुटबॉल असोसिएशन या इंग्लंडच्या महासंघाचा. असोसिएशनला फुटबॉल लीगचं नाक कापायचं होतं. शिवाय तिचा हिशोब असा की वरच्या डिव्हिजनमध्ये 18 क्लब राहतील, सामने कमी होतील आणि राष्ट्रीय संघाला दम खायला वेळ मिळेल. सुरुवात झाली 22 क्लबांनी. 1995 पासून 20 आहेत. 18 होतील त्या दिवसाची असोसिएशन अजून वाट पाहते आहे.

त्याच प्रीमियर लीगमधल्या सहा क्लबांनी 18 एप्रिल 2021 च्या रविवारी रात्री इटलीचे तीन आणि स्पेनचे तीन असे साथीदार जमवून सुपर लीग ही स्वतःची वेगळी युरोपियन स्पर्धा जाहीर केली, तेव्हा प्रीमियर लीगला केवढा धक्का बसला! पैशासाठी फुटून निघणं म्हणजे खेळाशी गद्दारी, हे तिला एकोणतीस वर्षांनी उमगलं. सुपर लीगच्या घोषणेआधी युव्हेंटसचे आंद्रेआ आन्येली युरोपातल्या क्लबांच्या संघटनेचे अध्यक्ष होते, शिवाय युएफाच्या कार्यकारी समितीवर. युएफाचे अध्यक्ष चेफेरिन तर आन्येलींच्या मुलीचे धर्मपिता. तेव्हा कट शिजवायचा तर घरच्याच माणसांशी शिजवा, आणि त्या दोन दिवसांत फोन बंद ठेवा. चेल्सीच्या चाहत्यांनी स्टॅमफर्ड ब्रिजबाहेर रस्ता अडवला आणि 48 तासांत इंग्लंडचे सहाही क्लब पसार झाले. सहा जणांचा मिळून दंड सुमारे 2 कोटी 20 लाख पौंड. तोही दंड नव्हे, सदिच्छा म्हणून दिलेली रक्कम.

चाहते जिंकले म्हणून सगळीकडे पेढे वाटले गेले, पण फुटबॉलमध्ये निकाल कोर्टातही लागतात. डिसेंबर 2023 मध्ये युरोपियन न्यायालयाने सांगितलं की नव्या स्पर्धेला आधी आमची परवानगी घ्या, हे फिफा आणि युएफाचे नियम ज्या पद्धतीने केले होते ते बेकायदा होते. त्यावर सुपर लीगवाल्यांनीही विजय जाहीर केला आणि युएफानेही. तुम्हीही करून टाका. न्यायालयाचं निकालपत्र लांबलचक असतं, त्यात प्रत्येकाला पुरेल एवढा विजय निघतो.

राजकारणाचं काय? ते खेळात आणायचं नाही. ब्रिटन सरकारने क्लबांवर नियामक नेमायचं ठरवलं तेव्हा 2024 मध्ये युएफाने पत्र पाठवून बजावलं की सरकारी हस्तक्षेप झाला तर इंग्लंडचा 2028 च्या युरो स्पर्धेतला सहभाग अडचणीत येईल. मे 2025 मध्ये फिफाची काँग्रेस पॅराग्वेत भरली. फिफाचे अध्यक्ष इन्फान्तिनो हे ट्रम्प यांच्या आखाती दौऱ्यात गुंतले होते, ते दोन तासांहून जास्त उशिरा पोहोचले. युएफाचे प्रतिनिधी उठून निघून गेले. राजकारण चालतं, फक्त ते विमानाने यायला हवं.

या सगळ्याचं बिल कोणाला पाठवायचं? जो बैठकीला नसतो त्याला. इंग्लंडच्या एफए कपमध्ये सामना बरोबरीत सुटला तर तो पुन्हा खेळायची पद्धत होती. जानेवारी 2005 मध्ये एक्सेटर सिटी हा लीगबाहेर फेकला गेलेला, कर्जात बुडालेला क्लब ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडशी 0-0 खेळला. फेरसामना हरला, पण दोन सामन्यांच्या कमाईवर तरला. 2024-25 पासून पहिल्या फेरीपासूनचे फेरसामने बंद झाले. युरोपियन स्पर्धा वाढल्या, तारखा उरल्या नाहीत, म्हणून प्रीमियर लीग आणि असोसिएशनने आपसात ठरवलं. खालच्या क्लबांनी आरडाओरडा केला. याच करारात तुम्हाला जादा पैसे दिलेत की, असं त्यांना सांगण्यात आलं. एक्सेटरला ओल्ड ट्रॅफर्डवर जे मिळालं ते त्या रकमेत बसत नाही, पण हिशोबाच्या वहीत तसा रकानाच नाही.

आणि तुमच्या मनात काही शंका उरली असेल तर ला लिगाकडून धडा घ्या. फिफा खेळाडूंना जगभर पळवते म्हणून तक्रार करणारी हीच ती ला लिगा. तिने डिसेंबर 2025 मधला व्हियारेआल आणि बार्सिलोनाचा सामना मायामीला न्यायचं ठरवलं. युएफाने आपला विरोध आहे असं सांगत परवानगी दिली. नियमवाल्यांचा विरोध बहुधा असाच असतो. निषेध म्हणून स्पेनभर खेळाडू सामना सुरू झाल्यावर पंधरा सेकंद जागेवर उभे राहिले. ओव्हिएदोतल्या सामन्याच्या प्रक्षेपणात तेवढा वेळ स्टेडियम बाहेरून दिसत होतं. दोन-चार दिवसांत आयोजकांनी सामनाच रद्द केला आणि स्पॅनिश फुटबॉलची ऐतिहासिक संधी हुकल्याबद्दल ला लिगाने खेद व्यक्त केला. तुम्ही पुढच्या वेळी सामना परदेशी न्याल तेव्हा परवानगी युएफाची घ्या, यजमान देशाच्या महासंघाची घ्या, फिफाला कळवा. खेळाडूंसाठी बाहेरच्या बाजूला एक कॅमेरा लावला की पुरे.