मृगाला सुरू होणारं अरबी साल

गावचं घर आवरताना माळ्यावर जुन्या कागदांचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, सापडला. निम्मा वाळवीनं खाल्लेला. मोडी वाचणाऱ्या एका काकांकडे घेऊन गेलो. त्यांनी वरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि घडाघडा म्हणाले, "इहिदे सितैन मया व अलफ." मला वाटलं काका कसला मंत्रच पुटपुटतायत.

तर तो सन होता. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले ११६१. त्यात ५९९-६०० मिळवायचे की इसवी सन १७६०-६१. पानिपताचं साल! तिकडे भाऊसाहेब अब्दालीशी झुंजतायत आणि इकडे पेशव्यांच्या दफ्तरात सालाचे आकडे अरबी, शिवाय तारखेला 'छ' (म्हणजे चंद्र) लावून रबिलावल नाहीतर जिल्काद असले हिजरी महिने.

हा शुहूर सन. हिजरी वर्ष चांद्र, दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकणार. शेतसारा वसूल करायचा तर पिकाचा हंगाम गाठायला हवा. म्हणून दख्खनच्या सुलतानी कारभारात हे सौर साल रुळलं, आणि त्याची सुरुवात सूर्य मृगात शिरला की! मृगसाल म्हणायचे त्याला. कुणब्याचं नक्षत्र आणि अरबांचे आकडे एकाच ओळीत. मला तर गोलघुमटापेक्षा याचं नवल जास्त वाटतं.

हे आज लिहायचं कारण आमचा फॅमिली ग्रुप. तिथे 'मराठीतले यावनी शब्द हाकला', म्हणजे अरबी-फारसी शब्द काढा, असा मेसेज फिरतोय. अहो, खुद्द शिवाजी महाराजांनी हे काम रीतसर करवून घेतलं होतं. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला, मुजुमदाराचा अमात्य झाला, डबीराचा सुमंत, पेशव्याचा मुख्य प्रधान. पुढं काय झालं? मुख्य प्रधान कागदावर राहिला, लोकांच्या तोंडी पेशवाच. आडनावं बघा: फडणवीस, चिटणीस, पारसनीस. पारसनीस म्हणजे तर फारसी लिहिणारा!

सुलतानांची वकिली मला करायची नाही. आदिलशाही फौजेनं पुणं जाळून गाढवाचा नांगर फिरवला, हेही आपल्याच इतिहासात आहे. पण फिरवणारा सरदार कोण, तर मुरार जगदेव. सरळ दोन रांगा लावता येत नाहीत हो या इतिहासाच्या.

मेसेज पाठवणाऱ्या मामांना एवढंच विचारलं, की खालची 'जरूर फॉरवर्ड करा' ही ओळ नेमकी कुठल्या भाषेतली? अजून निळी टिकच दिसतेय.

आणि हो, तो कागद निघाला बांधाच्या तंट्याचा. शेजारचं घराणं तेच. तंटाही तोच.